पूजेआधीचं पाणी

आत्मकथन लिहायला माणूस निदान साठीचा तरी असावा, असं माझ्या ऑफिसातल्या एक बाई मला ऐकवतात. मी अजून तिशीलाही टेकलेले नाही. पण मी सहा वर्षांची असताना एका डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, की पोरगी फार तर बारा-तेरा वर्षांची होईल. त्या हिशेबानं मी केव्हाच म्हातारी झाले आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला जुनं उगाळायचा हक्क असतो. शिवाय मला एका जागी फार वेळ बसवत नाही, तेव्हा साठीपर्यंत थांबणं काही जमणार नाही. हे लिहितानासुद्धा मी दोनदा उठून घड्याळ बघून आले. ही खोड औशाच्या घरात लागली.

वडील काविळीनं गेले, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. खरं कारण आईच्या आणि माझ्याही रक्तात निघालं होतं. एचआयव्ही हा शब्द आईनं मला मी दहा वर्षांची झाल्यावर सांगितला, तोही भाकरी थापता थापता, हात न थांबवता. "तुज्या रक्तात हाय, माज्या बी हाय. गोळी घेत राहिलं की काही होत न्हाई. कुणाला बोलायचं न्हाई." एवढं बोलून तिनं भाकरी तव्यावर टाकली. सासरच्यांनी हात वर केले तेव्हा तिचे थोरले भाऊ, तिचे आण्णा आणि आमचे मन्मथमामा, आम्हाला औशाला घेऊन आले होते. त्यांना काविळीचीच गोष्ट माहीत होती, आणि मामीलाही.

मामांचं भांड्यांचं दुकान रस्त्यावर होतं आणि घर दुकानाच्या मागं. लग्नसराईत दिवसभर भांड्यांवर नावं घालायच्या मशीनची टर्रटर्र चाले. ती बंद पडली की घर एकदम अनोळखी वाटायचं. मामा बोलायला कमी, पण गिऱ्हाइकाला तांब्या वाजवून दाखवताना त्यांचा चेहरा खुलायचा. मामी उलट. तिच्या तोंडाचा पट्टा पहाटे सुरू व्हायचा. हाताला मात्र तिच्या चव होती. सकाळी ती सुशीला करायची. भिजवलेल्या मुरमुऱ्यांवर मिरची-कढीपत्त्याची फोडणी पडली की वास दुकानापर्यंत जायचा. वर दाण्याचं कूट, लिंबू. तयार झाला की मामी पातेल्यावर ताट झाकायची आणि आम्ही सगळ्या, लग्न होऊन जाईपर्यंत मामीच्या दोन मुलीही, त्या ताटाकडं बघत बसायचो. कारण मामांची पूजा व्हायची असायची.

आमच्याकडं लिंगपूजेचा नेम कडक होता. मामा अंघोळ करून, अंगाला भस्म लावून देवघरात बसत. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घेत, बेल वाहत, डोळे मिटून जप करत. पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात जायचा नाही. मग घंटा वाजायची, मामा बाहेर येऊन एकेकीच्या हातावर तीर्थ घालायचे, आणि त्यानंतर घर खायला-प्यायला मोकळं. हे आईला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी पहिल्याच आठवड्यात मामीनं तिला पुन्हा बजावलं आणि तिनं मला. वर आईनं तिचं नेहमीचं वाक्य जोडलं, "आपण वळचणीला आलोय. ज्याचं घर त्याचा नेम."

माझ्या गोळ्या दोन. सकाळी आठला एक, रात्री आठला एक. मामीला सांगितलं होतं, पोरीला दमा आहे, नांदेडच्या डॉक्टरचं औषध चालू आहे. खरं तर औषध लातूरलाही मिळत होतं, औशाहून तासाभरात जाऊन येता आलं असतं. पण लातुरात मामांचे निम्मे सोयरे आणि उरलेले निम्मे गिऱ्हाईक. तिथल्या बाकावर तोंड झाकून बसलं तरी लुगड्यावरून ओळखतील, असं आईला वाटायचं. म्हणून दर महिन्याला पहाटेची एसटी, लातूरला गाडी बदल, मग नांदेड. आणि दमा आहे म्हटल्यावर दम्यासारखं वागणं आलं. पाहुणे आले की आई मला कोपरानं ढोसायची आणि मी खोकायची. इतकं छान खोकायला शिकले की शाळेच्या नाटकात मला आजारी आजीचं काम मिळालं. मामी बिचारी अडुळशाचा काढा करून पाजायची. तो कडूजहर काढा मी वर्षानुवर्षं प्याले, न झालेल्या आजारासाठी.

नांदेड मला आवडायचं. बाकावरची माणसं एकमेकांना ओळखत असूनही ओळख दाखवत नसत, हे सोडून. आमची समुपदेशक ताई जाडजूड, हसरी होती. ती महिन्याच्या उरलेल्या गोळ्या ताटलीत ओतायला लावायची आणि मोजायची. किती दिल्या, किती दिवस झाले, किती उरायला पाहिजेत. मोजणी जुळली की पाठीवर थाप. तिथून आई मला गुरुद्वाऱ्यात लंगरला न्यायची. पंगतीत मांडी घालून बसलं की वाढणारे सेवेकरी फक्त "परसादा?", म्हणजे रोटी हवी का, एवढंच विचारायचे, कोण, कुठले, कशाला आलात, काही नाही. आई तिथं दोन-दोन वेळा डाळ मागून घ्यायची. घरी ती कधीच दुसऱ्यांदा मागायची नाही.

आता मी नांदेडलाच राहते. गोळी दिवसातून एकच झाली आहे, रात्रीची, आणि तीन-तीन महिन्यांच्या एकदम मिळतात. सोपं झालंय असं सगळे म्हणतात, आणि झालंयच. पण लग्नाच्या पंगतीत बरोबर नऊला पर्समध्ये हात घालताना, दाताच्या डॉक्टरनं "दुसरं कुठलं औषध चालू आहे का?" विचारल्यावर, गाडी लेट झाली आणि गोळ्या वरच्या बॅगेत राहिल्या हे आठवल्यावर, जी भीती वाटते ती तेव्हाचीच आहे. मोबाइलचा गजर वाजला की त्यावर "दूध" असं येतं. शेजारीण म्हणते, तुम्ही दुधाचं फार मनावर घेता.

तर, सुरुवातीची वर्षं सगळं सुरळीत होतं. मामांची पूजा साडेसातला उरकायची, आठला मी गोळी घ्यायची. मग आईला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम लागलं. हिच्या रक्तात काय आहे हे तिथं कळलं असतं तर त्याच दिवशी तिला घरी पाठवलं असतं. म्हणून तर तोंड अजूनच घट्ट मिटलेलं. ती पहाटे साडेपाचला निघायची. जाताना माझी गोळी कागदाच्या पुडीत बांधून उशाशी ठेवायची. मी आठवीत होते, जबाबदारी माझी. आणि त्याच वर्षी मामांनी कसला तरी संकल्प केला आणि पाच माळांच्या अकरा माळा झाल्या. पूजा साडेसातची नऊवर गेली, सोमवारी दहावर. माझी शाळा पावणेनऊला भरायची.

मी काय करायला हवं होतं? मोरीत जाऊन दोन घोट पाणी प्यायला हवं होतं. आज कुणीही हेच सांगेल. पण मी वळचणीला आलेली होते आणि मामीचे कान तिखट होते. शिवाय एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. शिवरात्रीला एक कीर्तनकार बुवा आले होते. ते म्हणाले, ज्यानं नेम मोडला नाही त्याला देव मोडू देत नाही. मी ते वाक्य उचललं आणि देवाशी सौदाच केला. मी पूजेआधी पाणी पिणार नाही, तू माझं रक्त साफ कर. एकदा कोरडी गोळी गिळून बघितली. ती घशात अडकून विरघळली आणि त्या कडू चवीनं शाळेत उलटी झाली. पुन्हा वाटलं, कोरडी असली तरी पोटात काहीतरी गेलंच, म्हणजे नेम मोडलाच. मग गोळी कंपासपेटीत जायला लागली. शाळेत घेऊ, मधल्या सुट्टीत घेऊ. मैत्रिणींचा घोळका पाण्याच्या टाकीवर असायचा. "कसली गं गोळी?" हा प्रश्न मला नको होता. शाळा सुटेपर्यंत पुडी घामानं ओली झालेली असायची.

महिनाअखेर नांदेडला मोजणी व्हायची. डबीतून आई रोज एक काढतच होती, म्हणून कंपासपेटीत साठलेल्या गोळ्या मी त्याआधी मोरीत टाकून द्यायची. थंड पाण्यात गोळी तरंगत राहते, गरम पाण्यात विरघळते, हे ज्ञान मी अनुभवानं मिळवलं. देवाला एका थेंबानंही फसवायचं नाही म्हणून जी पोरगी तहानेली शाळेत जायची, ती ताईला दर महिन्याला सफाईनं फसवत होती, आणि यात काही चुकतंय असं तिला वाटत नव्हतं. मी तिला माफ करायचा प्रयत्न करते. रोज जमत नाही.

वर्ष उलटलं. मी वाळत चालले. अंगात कणकण राहायला लागली. आणि एक दिवस डाव्या बरगडीखाली आग-आग होऊन पुरळ उठलं, पाण्याच्या फोडांचा पट्टाच. मामीनं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, नागीण हाय ही!" आमच्याकडं समज असा, की नागीण कमरेभोवती फिरते आणि तिची दोन टोकं एकमेकांना मिळाली की माणूस गेला. मामी रोज सकाळ-संध्याकाळ गेरू उगाळून बोटांनी फोडांवर लावायची आणि वितीनं अंतर मोजायची. "अजून लई लांब हायत टोकं, भिऊ नकोस." ती मोजून गेली की मी आरशात पाठ वळवून पुन्हा मोजायची. मला नागिणीची भीती नव्हती असं नाही, पण जास्त भीती दुसरीच होती. देवानं सौदा मोडला होता, नाहीतर माझा नेमच कुठंतरी चुकला होता. मी त्या आठवड्यात तीर्थ घेताना हातसुद्धा जास्त स्वच्छ धुवायला लागले.

आईनं काम बुडवून मला नांदेडला नेलं. रक्त दिलं. काही दिवसांनी कागद आला. रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा इतका खाली गेला होता की डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. ते म्हणाले, या गोळ्या बहुतेक लागू पडेनाशा झाल्यात. आणखी तीन महिने बघू. नाहीच सुधारलं तर पुढच्या पायरीच्या गोळ्या इथं मिळत नाहीत, दर महिन्याला मोठ्या शहरात जावं लागेल. त्या पायरीनंतर काय, हे आईनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ताईनं आम्हाला आत बोलावलं. माझं कार्ड उघडलं. महिनामहिना मागं जात राहिली.

"वर्षभर एकही गोळी इकडची तिकडं नाही," ती म्हणाली. "पोरी, मी इथं रोज गोळ्या मोजते. कुणाची एखादी सांडते, कुणाची उलटीत पडते, कुणी गावी विसरतं. इतकी बरोबर मोजणी कुणाचीच येत नाही. तुझीच कशी येते?"

मी खोकले. सवयीनं.

"दमा नाही तुला," ताई म्हणाली, आणि ती हसली नाही. मग मी सगळं सांगितलं. अकरा माळा, कंपासपेटी, गरम पाणी. कीर्तनकारांचं तेवढं सांगितलं नाही. आई खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होती. तिच्या मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली तरी तिनं उचलली नाही.

त्या दिवशी लंगरला गेलो नाही. लातूरच्या स्टँडवर, औशाच्या गाडीची वाट बघताना, भर गर्दीत तिनं मला एक थोबाडीत दिली. आयुष्यात पहिली आणि शेवटची. शेंगावाल्या बाईनं मान वर करून पाहिलं.

"रोज पाचला मी मोरीत नळाचं पाणी पिऊन गोळी घेते," आई दबक्या आवाजात म्हणाली. "आण्णाच्या देवाला चोरून, आठ वर्षं. तुला कामून जमलं न्हाई?"

"तू मला कधी सांगितलंस?" मी म्हणाले. "तू तर म्हणली ज्याचं घर त्याचा नेम."

आईनं तोंड फिरवलं. गाडी लागली, तरी ती उठली नाही. ती गाडी गेली. पुढची लागली तेव्हा ती उठली आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "चल. आता चोरून न्हाई घ्यायची." म्हणजे काय, ते मला कळलं. घरातून हाकलून दिलं तर आम्हाला जायला जागा नव्हती. वसतिगृहापर्यंत गोष्ट गेली तर पगारही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. आठला पाच मिनिटं कमी असताना माजघरात आली. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. देवघर माजघराला लागूनच, मध्ये फक्त पडदा. आत माळेचे मणी सरकत होते. मामी सुशीलाचं पातेलं झाकत होती.

"घे," आई म्हणाली.

मी मामीकडं बघितलं.

"अगं शांते, पूजा व्हायची हाय," मामी हळूच म्हणाली.

"ठाऊक हाय वैनी. हिला आठला गोळी लागती. दम्याची न्हाई ती. हिला एचआयव्ही हाय. मला बी हाय. हिचे वडील त्यानंच गेले." आई थांबली नाही. "वर्षभर हिनं सकाळची गोळी घेतली न्हाई. पूजेआधी पाणी प्यायचं न्हाई म्हणून. आता आमी इथं राहावं का न्हाई ते तुमी सांगा. पण पाणी ती पिणार."

मामीनं आपले दोन्ही तळहात वर करून बघितले. बोटांच्या पेरांत गेरूचा लाल रंग होता. "मी हातानं लावून राहिले की गं हिला," ती म्हणाली.

"हात लावल्यानं होत न्हाई वैनी. संगट जेवल्यानं, संगट राहिल्यानं, कशानंच होत न्हाई. फोडांचं पाणी लागू द्यायचं न्हाई म्हणत्यात, पण हे त्यानं होत न्हाई."

मामी मोरीत गेली. साबणाचा, पाण्याचा आवाज येत राहिला, फार वेळ. पुढे वर्षभर ती मला काहीही लावायची ते कापसाच्या बोळ्यानं, आणि माझा पेला वेगळ्या फळीवर असायचा. मग हळूहळू पेला सगळ्यांच्या फळीवर आला. मी समजून घेतलं पाहिजे, आणि बरंचसं घेतलंही आहे. पण त्या साबणाच्या आवाजाचा राग अजून येतो, तो येतो म्हणूनच लिहिते.

मी गोळी हातात धरून उभी होते. घोट घ्यायचं धाडस होत नव्हतं. तेवढ्यात माळ थांबली. पडदा सरला. मामा पडद्यात उभे होते, अंगावर भस्म, डाव्या तळहातावर लिंग. पूजा अर्धी सोडून त्यांना उठलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पूजेत त्यांना बोलताना तर घरात कुणीच ऐकलं नव्हतं.

"पाणी कामून दिलं न्हाई लेकराला?" ते म्हणाले.



"आण्णा, तुमची पूजा..." आईनं कसंबसं तोंड उघडलं.

"पूजा माझी हाय. मी पीत न्हाई. तुमाला कुणी सांगितलं थांबायला?"

मोरीतलं पाणी बंद झालं. मामी ओल्या हातांनी दारात आली. "तुमच्या आईनं सांगितलं. लग्न होऊन ह्या घरात आले त्या दिवशी. ह्या घरात पूजेआधी पाणी न्हाई म्हणून."

"तो आईचा नेम व्हता. मी कवा म्हणलं तुमाला?"

"तुमी कवा इचारलं?" मामीचा आवाज चढला. तिची बडबड रोजची, पण हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "पंचवीस वर्षं! दोन बाळंतपणं झाली ह्या घरात. अंगावर लेकरू पीत हाय आन् घशाला कोरड पडलीय, आन् मी घंटेची वाट बघून राहिलेय. तुमी म्हणता, कुणी सांगितलं!"

मामांनी तळहातावरच्या लिंगाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "माझे डोळे मिटलेले असत्यात," ते म्हणाले. "मला वाटलं तुमी खाऊन-पिऊन बसता."

मला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही बाहेर पडेना. माझ्या सौद्याला समोर कुणी गिऱ्हाईकच नव्हतं. ज्या नेमापायी मी वर्षभर गोळ्या मोरीत सोडल्या, तो नेम या घरात कुणीच केलेला नव्हता. आम्ही बायकांनी तो एकमेकींच्या हाती दिला होता आणि देवघरातल्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता. मला त्या क्षणी मामांचा राग आला, मामीचा आला, आईचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा आला.

मामी ताडताड रांजणाकडं गेली. तिनं तांब्या बुडवून भरला आणि मामांच्या समोर उभी राहून, मान वर करून पिऊ लागली. घटाघट, न थांबता. पाणी हनुवटीवरून चोळीवर सांडत होतं. मामा हातात लिंग धरून बघत होते. तांब्या रिकामा झाला तसा तिनं तो खाली आदळला, पदरानं तोंड पुसलं आणि दम लागलेल्या आवाजात माझ्यावर खेकसली,

"आता तू कुणाची वाट बघून राहिली? गीळ की ती!"

मी गिळली. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.